आडव्या बाटलीची भिंत

शिवाजी पेठेत माझ्या वर्कशॉपसमोर एक शिंपी बसतो. मी काय करते हे त्याला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यानं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे विचारलं, "म्हंजे ताई, ह्येच्यावर बसलं की चढती का?"

या प्रश्नाला न चिडता उत्तर द्यायला मला बराच काळ लागला. चढत नाही. कळते.

मी वाइनच्या स्वभावावरून फर्निचर करते. हे वाक्य एकटं उभं केलं की थापेसारखं दिसतं, म्हणून फोड करून सांगते. वाइन तोंडात घेतली की जिभेला आधी वजन कळतं, मग ती तुरट आहे की मऊ, आंबट किती, वास कशाचा, आणि गेल्यावर मागे काय राहतं. खुर्चीलाही हेच प्रश्न विचारता येतात. ओढताना हाताला किती जड लागते? हाताच्या तळव्याला लाकूड पकडतं की निसटू देतं? पाठीला गार लागते की ऊबदार? बसताना आवाज होतो का, आणि उठल्यावर कपड्यांना कशाचा वास राहतो? ही उत्तरं त्या वाइनच्या उत्तरांशी जुळली की काम झालं. माझी परीक्षा साधी आहे. डोळे मिटून खुर्चीत बसलेल्या माणसाला पेला हातात न घेता ती वाइन ओळखता आली पाहिजे.

हे वेड मला कोल्हापुरातच लागलं. चपला करणाऱ्यांकडून मी खुर्च्यांच्या बैठकीसाठी कातडं आणत असे. ते बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. एकदा द्राक्षबागेतून आलेल्या एका पाहुण्यानं ते नाकाशी धरलं आणि म्हणाला, "हा तर आमच्या रेड वाइनचा वास." जीभ आवळून धरणारा जो तुरटपणा हिरड्यात असतो, तोच द्राक्षाच्या सालीत आणि बीतही असतो. त्या दिवशी मी हिरडा चघळला, वाइनचा घोट तोंडात फिरवला, थुंकला आणि बाभळीच्या फळीवर तळवा फिरवला. तिन्हीकडे एकच गोष्ट होती.

थुंकला हे मुद्दाम लिहिलं. त्याच्याकडे येतेच.

या धंद्याची पुस्तकं परदेशी आहेत. त्यांत लिहिलेलं असतं, अमुक वाइनला हिरव्या सफरचंदाचा वास येतो, तमुक वाइनला देवदाराचा. कोल्हापुरात हिरव्या सफरचंदावर कोण वाढलंय? मी माझी वेगळी वही केली. करवंद, जांभूळ, चिंच, कढईतला गूळ उकळी फुटण्याआधी आणि फुटल्यानंतर, पावसात भिजलेली चप्पल. तरी चुका झाल्याच. एका डॉक्टर जोडप्यासाठी मी हलक्या, गार व्हाइट वाइनच्या चार खुर्च्या केल्या. फणसाचं पिवळं, हलकं लाकूड आणि पाठीला विणलेला वाळा. पाण्याचा हबका मारला की गारवा आणि वास दोन्ही दरवळणार. मी खूश. आठवड्यानं डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "सुंदर आहेत हो. पण घरात येणारा प्रत्येक माणूस विचारतोय, कूलर कुठं लावलाय?" वास नाकात नसतो, आठवणीत असतो. त्या चार खुर्च्यांच्या पाठी मी स्वखर्चानं बदलून दिल्या.

माझ्याकडे लाकडाचं सगळं काम अण्णाप्पा मिस्त्री करतात. साठीचे, शिरोळकडचे, माझ्याच गावचे. मी त्यांना धंद्यातले शब्द समजावले. वाइनला बॉडी असते, नोज असतं, पेल्याच्या आतल्या बाजूनं ओघळ उतरतात त्यांना लेग्ज म्हणतात. त्यांनी रंधा खाली ठेवून बोटं मोजली.

"अंग हाय. नाक हाय. पाय हाईत. आन् तोंड?"

"तोंड आपलं."

"मग बरं हाय. न्हायतर भांडली असती."

'फुल बॉडी' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ट्रकची का पैलवानाची?"

"पैलवानाची. पण कुस्ती सोडलेल्या."

मिस्त्री विचारात पडले. "म्हंजे तालीम सोडून धा वर्सं झाल्याली, पर खांद्यावर नुसता हात टाकला तर आपुन खाली बसतोय. तसला?"

चाखण्याचं शिक्षण घेतलेल्या कुणाकडूनही मी याहून चांगली व्याख्या ऐकलेली नाही. त्या व्याख्येवर आम्ही शिराझ या जड, तुरट रेड वाइनची खुर्ची केली. बाभळीची, जड. हात फक्त ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलेले आणि वर जवसाचं तेल, म्हणजे तळवा किंचित अडतो. बैठकीला हिरड्याचं कातडं. बैठकीच्या दोन थरांमध्ये बिया, चपलेला करकर आणायला घालतात तशा, म्हणजे बसलं की एकदाच खालच्या पट्टीत आवाज येतो. आणि हातांच्या खालच्या बाजूला, जिथं बोटांची टोकं सहज पोचतात तिथं, लाकूड काचेसारखं गुळगुळीत. तुरटपणा ओसरल्यावर मागून हलकी गोडी येते, ती तिथं आहे. ही खुर्ची एका गुळाच्या व्यापाऱ्यानं ऐकीव माहितीवर नेली आणि चौथ्या दिवशी टेम्पोतून परत पाठवली. सोबत निरोप: "खुर्ची हाय का रेडा? ओढाय दोन गडी लागत्यात."

आता थुंकण्याबद्दल.

चाखून थुंकणं ही या धंद्यातली मान्य रीत आहे, त्यासाठी वेगळी भांडी मिळतात. माझ्याकडे पितळी पिकदाणी आहे. पण मी रीत म्हणून थुंकत नाही. मी आजवर दारूचा एक थेंब गिळलेला नाही. माझी आई, गावात तिला शालनाक्का म्हणतात, दारूबंदीची कार्यकर्ती. आमच्या घरात पत्रकं होती, बाकी फारसं काही नव्हतं. मी मुळाक्षरं पत्रकांच्या मथळ्यांवर शिकले, भडंग पत्रकांवर खाल्लं, गणितं उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. 'भगिनींनो' हा शब्द मला 'मावशी'च्या आधी लिहिता येत होता. दारूला शिवणार नाही ही शपथ मी सगळ्या गावासमोर घेतली, तेव्हा मी माईकपेक्षा बुटकी होते.

तर मी दारू गिळत नाही, पण ती पिणाऱ्याला बसायला खुर्ची देते. हे तत्त्व नेमकं किती इंचाचं आहे, ते मला ठाऊक आहे. आईला मी एवढंच सांगितलं होतं की हॉटेलांचं फर्निचर करते. आमच्या पत्रकांत याला अर्धसत्य म्हणत आणि त्यावर आख्खा परिच्छेद असे.

गेल्या वर्षी एका वाइन कंपनीनं शाहूपुरीत चाखण्याची खोली उघडायचं ठरवलं. लोकांनी यावं, पाच-सहा प्रकार थोडे थोडे चाखावेत, आवडलं ते घरी न्यावं. आतलं सगळं काम मला मिळालं. प्रत्येक वाइनला तिची खुर्ची, आणि समोर ऐंशी बाटल्यांची भिंत. हे जमलं तर आणखी सात शहरांतल्या खोल्या माझ्याच. कंपनीकडून कौस्तुभ नावाचा पुण्याचा तरुण हे बघत होता. कामसू, सभ्य, आणि प्रत्येक गोष्टीला 'मस्त' म्हणणारा.

भिंतीचं ड्रॉइंग मिस्त्रींच्या हातात देऊन मी चार दिवस द्राक्षबागेत गेले. परतले तेव्हा वर्कशॉपमध्ये भिंत उभी होती. कोरीव, देखणी, सांधा शोधून सापडू नये अशी. आणि पूर्ण चुकलेली. माझ्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक बाटली आडवी होती, कातड्याचं अस्तर लावलेल्या पन्हळीत झोपवलेली. मिस्त्रींनी फळ्यांना ऐंशी गोल भोकं पाडून ऐंशीच्या ऐंशी बाटल्या उभ्या राहतील अशी सोय केली होती.

"मिस्त्री, ड्रॉइंग बघितलं नाही का?"

"बघितलं की. चांगलं दोन दिस बघितलं."

"मग?"

"तुमची चूक झाली आसंल, आसं वाटलं."

"माझी?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "ताई, आडवी बाटली म्हंजे काय, ते मी तुमास्नी सांगायचं व्हय? शालनाक्काच्या पोरीला? नवं दुकान, पयला दिस, आन् भितीवर ऐंशी आडव्या बाटल्या. दुकान उघडायचंय का बंद पाडायचंय?"

मी ड्रॉइंग पुन्हा उघडलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे. आडवी बाटली म्हणजे बंद. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. आमच्या गावात पहिल्या खेपेला आम्ही हरलो. सभा झाल्या होत्या, फेऱ्या निघाल्या होत्या, तरी हरलो. नंतर आईनं घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की म्हाताऱ्या बायकांनी सरळ मनानं उभीवर शिक्के मारले होते. एकीनं समजावलं, "उभा हाय त्यो बरा. आडवा पडलाय त्यो पिऊन पडलाय. आमी आडव्याला कशाला मत दिऊ?"

दुसऱ्या खेपेला आईनं पत्रकात चित्र छापलं. चित्रकाराला द्यायला काही नव्हतं, म्हणून मी काढलं. वय दहा. आडवी बाटली, बुचाचं तोंड डावीकडे, खाली जमिनीची एक रेघ. आईनं त्याखाली लिहिलं, 'आडवी म्हणजे बंद. विसरू नका.' दुकान बंद झालं. ते माझं छापून आलेलं पहिलं चित्र.

तरी भिंत शकुन-अपशकुनावर ठरत नाही. मी कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, उभ्या नाही चालणार. बूच ओलं राहिलं पाहिजे. उभी ठेवली की ते वाळतं, हवा शिरते आणि वाइनचं व्हिनेगर होतं. आणि आपलं ओपनिंग सोमवारी आहे."

तो दिवस मंगळवार होता. मी मिस्त्रींना बुचाचं शास्त्र समजावलं. त्यांना ते लगेच पटलं.

"बराबर हाय. बूच भिजाय पायजे."

"मग उद्यापासून सगळ्या फळ्या बदलू."

"बदलू की. पर शालनाक्काला इचारल्याबिगर मी हात लावनार न्हाय."

"आईचा काय संबंध?"

"शिक्का तिचा हाय. दारूवाल्याच्या भितीवर त्यो लावायचा, तर तिला नगो इचारायला?" मग रंध्यातला भुसा फुंकत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तवा मी कसा हुतो, तुमी ल्हान हुता, तुमास्नी म्हाईत न्हाय. पटाशी धरली की हात थरथरायचा. ती बाटली आडवी झाली, म्हणून मी उभा हाय, ताई."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासाठी वाइनच्या खुर्च्या घडवत होता. कधी एक घोट द्या म्हणाला नाही, आणि मी त्यांच्याकडे बघत पेला हुंगत असे. असं काम त्यांनी का घेतलं, हे मी त्या दिवशी विचारलं. "लाकूड काय पीत न्हाय," एवढंच म्हणाले, आणि खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यासमोरच आईचा नंबर लावला.

आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली. पिशवी खांद्याला, चपला दाराबाहेर. वर्कशॉपमध्ये बसायला अकरा खुर्च्या होत्या.

"बस की आई."

"मी बसायला आलेली न्हाय."

तिनं सगळं बघितलं. भिंत, ड्रॉइंगं, करवंद-जांभळाची वही, बरण्यांतला हिरडा. मग पिकदाणीपाशी थांबली.

"पान खाया लागलीस?"

"नाही. चव घेऊन थुंकते त्यात."

"गिळतीस?"

"कधी नाही."

"मग घेतीस कशाला तोंडात?"

"कळायला."

"मला बी सभेत एक जण म्हणाला हुता, बाई, न चाखता तुला दारूतलं काय कळतंय? मी म्हटलं, घरात बसून रोज चाखतोय की आमी बायका. पाठीवर."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी बोलायला सुरुवात केली. ही देशी दारू नाही, द्राक्षं इथल्याच माणसांनी पिकवलेली असतात, इथं येणारी माणसं थोडं चाखून घरी जातात, बंदीपेक्षा समज महत्त्वाची. मी चांगली बोलत होते. आईनं मुद्दे संपू दिले.

"उमे, ही पत्रकाची भाषा हाय. माझ्यासंगं माझीच भाषा बोलू नगो. मला एवढंच सांग, हॉटेलचं फर्निचर म्हणून का सांगितलंस?"

मी पिकदाणी बाजूला सरकवली.

ती भिंतीसमोर गेली. गोल भोकांतून हात फिरवला. मग वळली. "मिस्त्री, करा आडव्या. बाटली कशी बी ठिवली तरी बाटलीच. पर सोमवारी मी दारात उभी ऱ्हाणार आन् पत्रक वाटणार. चार बायका घिऊन येतो." आणि मला म्हणाली, "चित्र तू काढून दे."

"मी?"

"मग कोण? पयलं कुणी काढलंतं?"

ती आवाज न चढवता बोलत होती. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं. ज्या दुकानाचं आतलं सगळं माझं, त्याच्या दारात माझ्याच हाताच्या चित्राचं पत्रक. काढलं तर सात शहरांचं काम जाऊ शकतं. नाही काढलं तर आई एक शब्द न बोलता एसटीनं परत जाणार, आणि पुढं ती माझ्याशी पाहुणीसारखी नीट बोलणार, हे मला तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

मी पेन्सिल घेतली. चार मिनिटं लागली. बुचाचं तोंड डावीकडे, खाली रेघ. हात दहा वर्षांच्या मुलीपेक्षा बराच सुधारलाय, एवढाच फरक.

कौस्तुभला मी त्याच संध्याकाळी स्पष्ट सांगितलं. सोमवारी दारात विरोध होईल, तो माझी आई करेल, आणि पत्रकावरचं चित्र माझं आहे. तो हसला. "तुमची आई? हाउ स्वीट, मॅडम. मस्त. येऊ द्या." काम काढून घेतलं असतं तरी मला इतका राग आला नसता. दारूबंदीच्या फेऱ्यांत ज्या बाईच्या अंगावर दगड आले होते, ती त्याच्या लेखी गोड होती.

मिस्त्रींनी पाच दिवसांत ऐंशी पन्हळी कोरल्या. अस्तराचं कातडं मी स्वतः बसवलं, आणि भिंत शाहूपुरीत नेऊन उभी केली. बाटली आत सरकवली की कातड्यावर काच घासून एक दबका सुस्कारा ऐकू येतो. शेवटची बाटली त्यांनीच ठेवली, लांब होऊन बघितलं आणि म्हणाले, "निजल्यात बघा सगळ्या." मग मागच्या दारानं हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी आई आणि चार बायका शाहूपुरीच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. पत्रक चांगलं होतं. 'भगिनींनो आणि बंधूंनो', खाली माझी बाटली, खाली 'आडवी म्हणजे बंद. विसरू नका.' मजकूर आईचा, नेहमीसारखा एकही शब्द वाया न घालवणारा.

मी आतून काचेतून बघत होते. पहिल्या माणसानं पत्रक घेतलं, बाटलीचं चित्र बघितलं, मान वर केली. समोर काचेमागे, दिव्यांच्या उजेडात, अगदी तशाच ऐंशी बाटल्या, तोंडं डावीकडे. त्यानं पत्रक खिशात घातलं आणि तो आत आला. त्याच्यामागून एक जोडपं आलं. मग तिघं मित्र. मजकूर कुणी वाचेना. एकानं काउंटरवर पत्रक ठेवून विचारलं, "ह्येच्यावर काय डिस्काउंट हाय?"

आमच्या गावात आडवी बाटली पहिल्या खेपेला म्हाताऱ्यांना कळली नव्हती. शाहूपुरीत ती कुणालाच कळली नाही. चूक मात्र दोन्हीकडे चित्र काढणाऱ्याच्या बाजूची धरली पाहिजे, आणि शाहूपुरीतली माझी.

कौस्तुभ पत्रक घेऊन माझ्याकडे आला. डोळे चमकत होते. "मॅडम, हे चित्र आम्हाला द्या. लोगो म्हणून. सगळ्या शहरांत हेच लावू. लोक बघा कसे येतायत."

"ते मिळणार नाही."

"पण ड्रॉइंग तुमचंच आहे ना?"

"काढलंय मी. आहे ते आमच्या गावच्या बायकांचं."

"मग त्यांच्याशी बोलू?"

"बोला की. त्या बाहेरच उभ्या आहेत."

तो गेला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, बाकीच्या शहरांचं कळवतो. अजून कळवलेलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा आईनं वाटणं थांबवलं होतं. काय होतंय ते तिच्या लक्षात आलं होतं. पत्रकांचा गठ्ठा तिनं पोटाशी धरला होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. तिचा डावा गुडघा फेऱ्या काढून काढून गेलाय. बाकीच्या बायका पायरीवर टेकल्या होत्या. ती टेकली नव्हती.

मी आत गेले. मिस्त्रींनी न सांगता दुसरी बाजू धरली, आणि आम्ही दोघांनी शिराझची ती जड खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली.

"आतली हाय?" आईनं विचारलं.

"आतली आहे. पण पेला नाही आणला."

"पोरीनं केलीया," मिस्त्री म्हणाले. "लाकूड माझं हाय. बसा, आक्का."

ती बसली. खालच्या पट्टीत एकदाच करकर झाली. दमल्यामुळं तिचे डोळे आपोआप मिटले आणि हात खुर्चीच्या हातांवर पडले. तळवे जरा पुढं-मागं झाले.

"खरबरीत का ठिवलंय?"

तिचे तळवे पुन्हा फिरले.

"हिरडा चघळल्यागत लागतंय की हाताला." बोटांची टोकं वळून खाली गेली, तिथं थांबली. "आन् मागनं जरा ग्वाड."

मी आणि मिस्त्रींनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं कुणीही बोललं नव्हतं. ज्यांनी वाइन आयुष्यभर प्यायली, त्यांनीही नाही. आणि बोलली ती बाई, जिनं तिचा थेंबही ओठाला लावलेला नाही. माझ्या कामाचं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला मिळणार नाही, आणि ते मी कुठल्याही गिऱ्हाइकाला दाखवू शकत नाही.

आईनं डोळे उघडले. "ती दारू तोंडात बी अशीच लागती?"

"हो. अगदी अशीच."

ती काचेतून आत बघत राहिली. माणसं पेले हलवत होती, हुंगत होती, मंद आवाजात बोलत होती. कुणी कुणाला मारत नव्हतं.

"मग पित्यात ती माणसं खुळी न्हाईत," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "म्हणून तर मला जास्त भ्या वाटतंय."

शेवटची एसटी गाठायची होती. जाताना तिनं उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. "ठिव. ही तर आता वाटून उपेग न्हाय. पाठ कोरी हाय."

सध्या मी नव्या खुर्च्यांची ड्रॉइंगं त्यांच्या पाठीवर काढते. कागद पातळ आहे. उजेडाला धरला की खुर्चीच्या पायांखाली आडवी बाटली दिसते.